नगराळे सरांची फ्लॉपी

नगराळे सरांना कुणी वाटी देऊ नये, अशी बेल्यातल्या आमच्या आळीची एकमुखी तक्रार होती. ते वाटी बुडवत म्हणून नव्हे, परत करत म्हणून. तुम्ही वाटीभर दही पाठवलं की संध्याकाळी तीच वाटी चार चिंचा घेऊन हजर. मग एक दिवस त्यांची वाटी आपल्या घरी यायची. ती रिकामी कशी न्यायची, म्हणून आपण त्यात शेंगदाणे टाकायचे. शेंगदाण्यांना उत्तर म्हणून तिकडून मिरच्या. माझ्या आणि त्यांच्या घरामध्ये एक पितळी वाटी अशी येरझाऱ्या घालत राहिली, की शेवटी ती मूळची कुणाची हे दोघांच्याही बायकांना सांगता येईना. झिजून झिजून तिची चमची झाली, असं मी शाळेत मास्तरांच्या खोलीत सांगत असे. चमची झाली नव्हती. पण झिजली मात्र होती.

मी जरा वाढवून सांगतो, हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. बेल्यात कापूस पिकतो आणि गप्पा पिकतात. कापसाला अळी लागते, गप्पांना लागत नाही. तर पुढच्या मजकुरातून वाचणाऱ्याने आपापल्या परीने थोडं पाखडून घ्यावं. एक-दोन ठिकाणी मात्र पाखडायला काही निघणार नाही.

सर गणित शिकवायचे, मी हिंदी. शाळा मराठी माध्यमाची, हेडमास्तर तेलुगू, कारकून उर्दूत हिशेब करणारा आणि पोरं कोणत्याही भाषेत नापास होणारी. सर उंच, इतके किडकिडीत की वारा सुटला की त्यांचा सदरा आधी वर्गात जायचा आणि सर मागून. आवाज खाली. मारत कुणालाच नसत. पण त्यांची एक विचित्र अट होती. दिलेलं गणित नुसतं सोडवून आणलं तर ते वही परत करायचे. खाली आपल्या मनाचं एक गणित मांडायचं, तेही सोडवायचं, मग सही.

"मी देल्लं तेवढंच वापस आणलं तं काय आणलं रे?" ते म्हणायचे. "रिकामं भांडं आणलं. काई तरी टाकून आण."

पोरं पण बेरकी. कुणी लिहायचं, 'सरांच्या सायकलीत शंभर पंप हवा मारली तर ती किती वेळात फुटेल?' सर तेही तपासायचे आणि उत्तर चुकलं असेल तर दुरुस्त करायचे.

ही लागण त्यांनी साऱ्या गावाला केली होती. उसना पेन शाई भरून परत यायचा. उसनी सायकल हवा भरून. एकदा हेडमास्तरांनी सरांची छत्री नेली आणि परत केली. सरांनी उघडली तर आतून एक पेरू डोक्यावर पडला. "एमी चेय्याली सार," हेडमास्तर म्हणाले, म्हणजे काय करणार सर, "तुमची छत्री आहे, खाली हात कैसे भेजना?" तीन भाषांतून एक पेरू आला होता. हॉटेलात सुद्धा सर चहाचा ग्लास रिकामा करत नसत. तळाला घोटभर चहा ठेवूनच खाली ठेवायचे. हॉटेलवाला माझ्याकडे तक्रार करायचा, "हे सर माह्या चायले नावं ठेवते का जी?"

या सवयीचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही वाटेने चालता चालता, माझ्याकडे न बघता.

"आमची माय मजुरीनं जाये. लोकं वरून पदरात टाकत. भांडं हातात देत नसत. मंग एका बाईनं पयल्यांदा वाटी देल्ली हातात, डाळीची. मायनं ते वाटी राखेनं घासघास घासली. वापस कराले निघाली तं घरात टाकाले काईच नाई. अंबाडीची फुलं तोडली, थे टाकली अन् नेली." थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "माय म्हणे, रिकामी वाटी वापस केली का आपण मांगणारे. भरून केली का शेजारी."

त्यानंतर मी वाटीची चेष्टा कमी केली. बंद नाही केली. कमी केली.

सरांना एकच मुलगी, उज्ज्वला. बापाचा आवाज जितका खाली तितका तिचा वर. ती हसली की समोरच्या आळीतली कुत्री उठून बसायची. नागपूरला मावशीकडे राहून ती कॉम्प्युटरचा कोर्स शिकून आली आणि म्हणाली, बाबा, घरी एक घेऊ, मी क्लास काढते. सरांनी घेतला. तोपर्यंत बेल्यात कॉम्प्युटर कुणी पाहिला नव्हता, तहसीलच्या कचेरीत एक होता म्हणतात, पण त्याच्यावर टेबलक्लॉथ घातलेला असायचा. आदिलाबादहून जीप आली. डबा मागे गादीवर निजवलेला, आणि पडदा उज्ज्वलाच्या मांडीवर, नव्या नवरीसारखा ओढणीखाली. अर्ध्या गावाने चपला काढल्या. बाकीचं अर्धं गाव नारळ घेऊन आलं. सर म्हणाले, "खोबरं खा बापा, पण दूर फोडा. पाणी उडते."

समोरच्या खोलीत क्लास सुरू झाला. पहिली विद्यार्थिनी रेखा, सरांच्याच हाताखाली दहावी झालेली, उज्ज्वलापेक्षा थोडी लहान. दोघी एका खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसायच्या. पुढे रेखाचं लग्न इचोड्याला झालं. नवऱ्याचं हायवेवर झेरॉक्सचं दुकान होतं. त्यानेही कॉम्प्युटर घेतला, कारण बायकोला येत होता.

उज्ज्वलाने एक गंमत केली होती. नागपूरहून तिने एक छोटा माईक आणला होता. सर सकाळी चहा घेऊन त्या मशीनसमोर बसायचे आणि एकेक बोटाने काहीतरी टाइप करायचे. चहा तसाच राहायचा, आधीच ते घोटाघोटाने पिणारे. म्हणून तिने आपला आवाज भरून ठेवला. बटण दाबलं, मशीन जागी झाली, की कंपनीची पिपाणी वाजायच्या ऐवजी उज्ज्वला ओरडायची,

"बाबा, चहा थंडा होऊन राह्यला ना जी!"

आणि त्यामागे तिचं हसू, आणि त्या हसण्यामागे, लांब स्वयंपाकघरातून, वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, आवाज, "काय खिदळून राह्यली वो?" आणि तिथं तुटायचं. एवढंच. पाच-सहा सेकंदांचं काम. पहिल्या दिवशी सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि कप आणायला आत गेले होते, तर कप हातातच होता. ही गोष्ट उज्ज्वला प्रत्येक पाहुण्याला सांगायची.

त्या पावसाळ्यात तिला ताप आला. आमच्या भागात ताप म्हणजे मलेरिया, त्याला कुणी घाबरत नाही. गोळ्या घेतात आणि कामाला जातात. हा मेंदूत गेला. जीप केली. मीही बरोबर होतो. नाल्याला पूर होता. सर काठी घेऊन पाण्यात उतरले, कमरेपर्यंत, जीप जाईल का ते पाहायला. काठी टेकेना. परत येऊन जीपजवळ उभे राहिले. पुन्हा उतरले. पाणी उतरल्यावर जीप गेली. उज्ज्वला आदिलाबादच्या अलीकडेच गेली.

इथं मी काही वाढवलेलं नाही.

क्लास बंद झाला असं वाटलं होतं, पण महिन्याभराने समोरची खोली पुन्हा उघडी दिसली. सरांनी पोरींना परत बोलावलं. शिकवायला त्यांना फारसं येत नव्हतं, पण मशीन लावून द्यायचे, फ्लॉप्या द्यायचे, म्हणायचे, ताईनं शिकवलं ते घोटा. खरी गोष्ट सकाळची होती. मी दूध घेऊन जाताना त्यांच्या दारावरून जायचो. सर चहाचा कप घेऊन मशीनसमोर बसलेले. आत वहिनींचा स्टोव्ह भुरभुर पेटलेला. सरांनी बटण दाबायला हात पुढे केला की आत स्टोव्हचा आवाज बंद व्हायचा. वहिनी चावी सोडून हवा काढायच्या. मग ती ओरडायची. तिचं हसू. मग वहिनींचाच जुना आवाज, "काय खिदळून राह्यली वो?" आणि तुटायचं. मग आत पंप मारल्याचा आवाज, स्टोव्ह पुन्हा भुरभुर.

दोघं याबद्दल एकमेकांशी बोलत नसावीत. वहिनी त्या खोलीत येत नसत.

असं कितीतरी दिवस चाललं. मग एका सकाळी मशीन जागी व्हायला फार वेळ लागला, आणि उज्ज्वला ओरडली ती ओढत, जाड आवाजात, पुरुषासारखी. "बाऽऽबा, चहाऽऽ थं..." आणि तिथंच अडकली. थं, थं, थं. सरांनी घाईने वायरच उपटली. मी दारात होतो. आतून वहिनींनी विचारलं, "काय झालं जी तिले?"

काय झालं हे गावाने लगेच ठरवलं. कुणीतरी आदिलाबादहून शब्द आणला, व्हायरस. व्हायरस म्हणजे रोगाचे किडे, हे कंपाउंडरने समजावून सांगितलं. मग काय विचारता! कडुलिंबाचा धूर झाला. लिंबू-मिरची झाली. एका म्हाताऱ्याने डब्याच्या मागच्या जाळीतून हळदीची फुंकर मारली, ती पंख्याने परत त्याच्याच डोळ्यांत मारली. कंपाउंडर सुई घेऊन आला होता असं मी सांगतो. सुई नव्हती, पण आला होता. सर एक खडू हातात घेऊन त्याचा भुगा करत बसले. वहिनी दाराआडून एवढंच म्हणाल्या, "याले बी मलेरियाच झाला का?"

खोलीतले सगळे हळूहळू चपला घालून गेले.

मग शब्बीर आला. आदिलाबादचा मेकॅनिक, फटफटीवर मागे रेक्झिनची पेटी बांधून. अंगाने लठ्ठ, बोलण्यात गोड. त्याने आपल्या पेटीतून औषधाची फ्लॉपी काढली, मशीनला पाजली आणि दुपारपर्यंत बसला. शेवटी म्हणाला, "हो गया सरजी. एकदम चकाचक." बटण दाबलं. आत स्टोव्ह बंद झाला. उज्ज्वला स्वच्छ ओरडली. शब्बीरला काही माहीत नव्हतं. तो हसून म्हणाला, "अरे वा, बिटिया की आवाज? कहाँ है बिटिया?" त्याने आमच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, आणि पेटी भरताना त्याच्या हातून दोनदा पकड पडली. मजुरी मात्र त्याने त्या दिवसापासून घेतली नाही.

पंधरवड्याने पुन्हा तेच. थं, थं, थं. शब्बीर पुन्हा आला, पुन्हा धुतलं, पुन्हा झालं. तिसऱ्या वेळी तो चिडला.

"सरजी, मैं मशीन को नहला के जाता, आपके लोगां फिर कीचड़ में बिठा देते. ये अंदर का नहीं है, बाहर से आरा. कौन लारा?"

त्याने पोरींच्या सगळ्या फ्लॉप्या मागवल्या आणि एकेक घालून पाहिली. सर शेजारी बसले होते. पहिल्या फ्लॉपीत पोरीने टाइप केलेला धडा होता, आणि त्याखाली एक गेम. दुसरीत अर्ज होता, आणि त्याखाली फुलांचं चित्र. तिसरीत मोटारींची शर्यत. एकीत बाबासाहेबांचं चित्र, एकीत गणपती, एकीत नाचणारं अस्वल. सगळं आदिलाबादच्या, इचोड्याच्या, यवतमाळच्या कुठल्या कुठल्या मशीनवरून उचललेलं. त्या प्रत्येक वस्तूबरोबर तो किडा घरात आला होता.

"ये सब कायकू भर के लाते लोगां?" शब्बीर म्हणाला. "फ्लॉपी लिए, काम किए, वापस दिए. इतनाच ना? ये गेमां कायकू?"

उत्तर खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. सरांची फ्लॉपी होती. रिकामी कशी परत करायची?

मी त्या वेळी सरांचा चेहरा पाहिला. नाल्याच्या काठावर जीपजवळ उभे असताना होता, तसाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरींना बसवलं आणि सांगितलं, "आजपासून फ्लॉपी वापस करताना तिच्यात काई टाकाचं नाई. रिकामी आणाची." पोरी एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या. सर गंमत करताहेत असं वाटलं. एक धीट होती, ती म्हणाली, "काऊन सर? तुमीच तं म्हणता, रिकामं आणलं का मांगणारे!"

"हाव," सर म्हणाले. "म्या म्हणलं होतं. आता म्हणून राह्यलो का रिकामी आणा."

आवाज नेहमीसारखाच खाली होता. पण पोरींनी पाय मागे घेतले. आयुष्यभर गावाला जे शिकवलं ते त्यांनी त्या खोलीपुरतं का होईना मागे घेतलं. एका आवाजासाठी. पहिली रिकामी फ्लॉपी परत आली तेव्हा त्यांनी ती दोन बोटांत धरून बराच वेळ उलटीपालटी केली, जणू त्यात काही सांडलं असेल.

पण किडा आता मशीनच्या हाडात गेला होता. शब्बीर म्हणाला, पाटी पूर्ण कोरी करावी लागेल, आतलं सगळं पुसायचं आणि नव्याने सगळं घालायचं. दुसरा इलाज नाही. सर म्हणाले, "नाई."

शब्बीरने समजूत घातली. आवाज आधी एका फ्लॉपीत काढून ठेवू. फक्त या मशीनमधून काढलेली फ्लॉपी या रोग्यासारखीच असणार. माझं औषध जुनं झालं. हैदराबादहून नवं औषध इचोड्याला आलंय, झेरॉक्सवाल्याकडे. तिथं ती फ्लॉपी साफ करून आणा, तोवर या मशीनला दाखवू नका, नाहीतर पुन्हा लागेल. मग मी पाटी पुसतो आणि बिटिया को वापस बिठाता.

झेरॉक्सवाला म्हणजे आपल्या रेखाचा नवरा. सर पहिल्यांदा जरा सैल झाले. दोन फ्लॉप्यांत ठेवावं, हे का नाही सुचलं कुणाला? आज शेंबडं पोरगंही विचारेल. बाकीच्या सगळ्या फ्लॉप्या शब्बीरने अंगणात नेऊन जाळल्या होत्या. कोरी एकच उरली होती, तिच्यात आवाज उतरवला.

इचोड्याला मी बरोबर गेलो. फ्लॉपी सरांच्या सदऱ्याच्या खिशात, रुमालात गुंडाळलेली, वरून हात. बसमध्ये जितके खड्डे लागले तितक्या वेळा सरांनी छाती धरली. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं यांना झटका येतोय, त्याने खिडकी सोडून दिली. दुसऱ्या हातात वहिनींनी दिलेला डबा, करंज्यांचा.

रेखा धावत आली, वाकून नमस्कार केला, चहा टाकला. लाइट गेलेले होते. नवरा ट्रान्सफॉर्मरकडे गेला होता. मी जरा वेळाने परतीची बस पाहायला हायवेवर निघालो. पुढचं सरांनी मला बसमध्ये सांगितलं. रेखाने करंज्या काढून घेतल्या आणि लगेच डबा तुरीच्या डाळीने भरून परत दिला. सर खूश झाले. म्हणाले, "शाब्बास. विसरली नाई तू." मग फ्लॉपी दिली. म्हणाले, यात व्हायरस आहे, तेवढा काढून दे बाई.

"काय हाय जी यात, सर?" तिने विचारलं.

"काई नाई. घरचंच."

बस सुटल्यावर बराच वेळ सर खिडकीबाहेर पाहत होते. ट्रकांच्या धुळीत काही दिसत नव्हतं. मग म्हणाले, "सांगाचं होतं तिले. उज्जू हाय त्यात म्हणून. तोंडात आलं नाई."

ठरलेल्या दिवशी शब्बीर सकाळीच आला. रेखा इचोड्याहून पहिल्या बसने आली, फ्लॉपी पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत. सरांनी ती घेतली आणि दोन्ही हातांत धरून बसले. शब्बीर म्हणाला, आत्ता घालून पाहायची नाही, मशीन अजून रोगी आहे. त्याने पाटी पुसली. पडद्यावर आकडे चढत गेले. सर आकड्यांकडे पाहत नव्हते, हातातल्या फ्लॉपीकडे पाहत होते. दुपारपर्यंत नवं सगळं बसलं. कंपनीची पिपाणी वाजली, टुंऽऽग. शब्बीर म्हणाला, "अब लाओ सरजी."

आत स्टोव्ह बंद झाला.

सरांनी स्वतः फ्लॉपी घातली. घरघर झाली. पडद्यावर एक चित्र उघडलं. एक पणती, भोवती मोगऱ्याची फुलं, एकेक पाकळी माऊसने काढलेली, थोडी वाकडी, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'उज्ज्वलाताई'.

शब्बीरने दुसरं काही आहे का पाहिलं. दुसरं काही नव्हतं.

रेखा हसत होती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "सर, यायनं फ्लॉपी पूरी धुऊन काढली, व्हायरसचं नाव नाई ठेवलं. काईच उघडून नाई पाह्यलं, लागते म्हणे. मंग म्या म्हणलं, सरांची फ्लॉपी हाय, रिकामी कशी नेऊ? सारी दुपार बसली. ताईची वर्षाची तारीख येऊन राह्यली ना जी."

शब्बीरने तोंड उघडलं. सरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. दाबला. त्या किडकिडीत हातात तेवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. शब्बीर ते तोंड मिटून मान खाली घालून बसला.

"लय चांगलं काढलं बाई," सर म्हणाले. "मोगरा वयखू येते."

आतून स्टोव्हचा आवाज येईना. वहिनी अजून थांबलेल्या होत्या. रेखा म्हणाली, "काकू कुठं हायेत? त्याइले दाखवू द्या ना." आणि उठायला लागली. तेव्हा सर आतल्या दाराकडे तोंड करून, कधी नव्हे ते मोठ्याने म्हणाले, "स्टोव्ह लाव वो. रेखा आली, चहा ठेव."

किती वेळाने ते सांगत नाही, पण पंपाचा आवाज आला.

रेखाला यातलं काही कळलं नाही, आजही नाही. तिचं नाव रेखा नाही, आणि मी इचोडा म्हणालो ते इचोडाच असेल असंही नाही. हायवेवर गावं पुष्कळ आहेत आणि झेरॉक्सवाले त्याहून पुष्कळ. वाढवून सांगायची सवय अशी कधी कामाला येते.

मशीन पुढे ठणठणीत चालली. ते चित्र सरांनी पडद्यावर कायमचं लावलं, रेखा कधीही येईल म्हणून. ती आली की पाहून जायची. पोरी शिकून गेल्या, एक-दोघी नोकरीलाही लागल्या. किडा पुन्हा फिरकला नाही. सकाळी सरांच्या दारावरून जाताना स्टोव्ह ऐकू यायचा, भुरभुर, न थांबता.

माझी बदली नार्नूरला झाली. जायच्या आधी मी एकदा विचारलं. माझ्यासारख्याला गप्प बसवत नाही. "सर, रेखाले कधी सांगाल का?"

"काय सांगू?" ते म्हणाले. "म्या शिकवलं तसंच तिनं केलं. पुरे मार्क द्याचे अन् मंग नापास म्हणाचं?"

नंतर काही वर्षांनी इचोड्याच्या स्टँडसमोर ते दिसले. रस्ता ओलांडत होते, दोन्हीकडून ट्रक, सदरा पुढे आणि सर मागे. हातात स्टीलचा डबा.

"कुठं सर?"

"रेखाकडं. तिचा डबा राह्यला होता घरी."

"काय टाकलं यावेळी?"

त्यांनी झाकण किलकिलं करून दाखवलं. अंबाडीची लाल फुलं होती.

मी त्यांना हॉटेलात ओढून नेलं, चहा सांगितला. चहा आला, नुकता उकळलेला, काचेला बोट लावता येईना असा. मी बशी शोधत होतो, फुंकर मारायला गाल फुगवले होते. सरांनी ग्लास उचलला आणि एका दमात प्यायले. डोळ्यांत पाणी आलं. मानेची शीर वर आली.

"अवो सर, भाजते ना! थंडा तं होऊ द्या."

"नाई," ते म्हणाले. "आता थंडा होऊ देत नाई."

माझी नार्नूरची बस लागली होती. ते उठले, डबा छातीशी धरला आणि ट्रकांमधून पलीकडे गेले. मी त्यांच्या ग्लासकडे पाहिलं. घोटभर राहिला असेल म्हणून वाकवून पाहिला.

तळाला काही नव्हतं.